परदेशातील मुक्काम : मराठी प्रवाशांच्या निवासनिवडीचा सामाजिक इतिहास (१८७० ते १९३२)

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकाला एक अनुभव वारंवार येतो. जुने विद्यार्थी भेटायला येतात आणि कंपनी आपल्याला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला किंवा जपानला पाठवत असल्याचे सांगतात. अभिनंदन स्वीकारून झाले की त्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो निवासाचा. हॉटेल घ्यावे की स्वयंपाकघर असलेली खोली पाहावी? कारखान्याजवळ राहावे की गावात? ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे उतरले तर त्यांना अडचण होईल का? हे प्रश्न वरवर केवळ सोयीचे आणि खर्चाचे वाटतात. वस्तुतः त्यांच्यामागे दीड शतकाचा सामाजिक इतिहास आहे. परक्या शहरात कोणाच्या छपराखाली झोपायचे आणि कोणाच्या पंक्तीला बसायचे, या निवडीत जात, धर्म, प्रतिष्ठा आणि राजकारण हे सारे घटक कार्यरत असतात. प्रस्तुत लेखात काही निवडक उदाहरणांच्या आधारे या निवडीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. चुलीचा प्रश्न :

एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय मराठी समाजात समुद्रपर्यटन हे धर्मबाह्य कृत्य मानले जात होते. निषेधाचे मुख्य कारण समुद्रापेक्षा परक्याच्या हातचे अन्न हे होते. ही भावना किती तीव्र होती हे पाहण्यासाठी विलायतेस जाण्याची गरज नाही. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. आपल्याच शहरातील एक पेला चहा जेथे एवढा महाग पडतो, तेथे परदेशातील खाणावळीत महिनोन्महिने राहणे म्हणजे काय, याची कल्पना करता येते.

या संदर्भात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचा १८७० मधील युरोप प्रवास लक्षणीय आहे. अवघ्या विशीतील या राजाने इंग्लंडचा दौरा केला. संस्थानिक असल्यामुळे स्वतःचा लवाजमा घेऊन प्रवास करणे त्यांना शक्य होते. सामान्य प्रवाशाला न सुटणारा चुलीचा प्रश्न संपत्तीच्या बळावर सोडवता येत होता. परंतु परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे मुक्काम असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले आणि संपत्तीने न सुटणारा एक प्रश्न उभा राहिला. दहनाची प्रथा नसलेल्या शहरात अंत्यसंस्कार कसा करावा? अखेर नगरपालिकेची विशेष अनुमती मिळून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारण्यात आली. ती आजही कॅशिने उद्यानात आहे. चार दिवसांच्या वाटेवरच्या मुक्कामाचे गाव एका मराठी राजाचे चिरस्थान झाले. मुक्काम निवडणारा माणूस सोयीचा विचार करतो, आजारपणाचा आणि मरणाचा विचार सहसा करत नाही, हे या घटनेतून जाणवते.

२. यजमान आणि त्यांची अपेक्षा :

ज्यांच्याजवळ लवाजमा नव्हता, त्यांच्यापुढे ओळखीच्या यजमानाचा आश्रय हा मार्ग होता. १८८३ या एकाच वर्षी महाराष्ट्रातील दोन स्त्रिया परदेशी गेल्या. त्यांच्या निवासाची तुलना उद्बोधक ठरते.

पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. या संघाच्या भगिनी पुण्यात कार्यरत असल्याने परिचय आधीचा होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी यजमानांची प्रत्येक गोष्ट स्वीकारली नाही. त्यांनी शाकाहार सोडला नाही. धर्ममतांच्या बाबतीत सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार हा आश्रयदात्याशी असहमत होण्याच्या धैर्याचा दस्तऐवज आहे. ज्याच्या घरी आपण जेवतो, त्याला नकार देणे किती अवघड असते हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्रांचे मोल कळते.

आनंदीबाई जोशी त्याच वर्षी कलकत्त्याहून निघून अमेरिकेस पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी नेले. गोपाळरावांचे पत्र मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते आणि ते वाचून कार्पेंटरबाईंनी स्वतःहून पत्रव्यवहार सुरू केला होता. मुक्कामाची निवड येथे प्रवासाच्या आधी तीन वर्षे, पत्रांतून झाली होती. आनंदीबाईंनी धर्मांतर केले नाही, आणि या घरातील मुक्कामासाठी तशी अटही नव्हती. दोन्ही ठिकाणी आपुलकी होती. फरक यजमानांच्या अपेक्षेत होता. ‘ओळखीच्यांकडे उतरणे’ हा आपल्याकडे आजही सर्वांत सुरक्षित समजला जाणारा पर्याय आहे. परंतु तो विनामूल्य कधीच नसतो, एवढे या दोन उदाहरणांवरून म्हणता येते.

३. वसतिगृह आणि पाळत :

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि वर्णद्वेषामुळे त्यांना खोल्या मिळण्यात अडचणी येऊ लागल्या. या पार्श्वभूमीवर श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह काढले. १ जुलै १९०५ रोजी हिंडमन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पंचवीसेक विद्यार्थ्यांची सोय असलेली ही वास्तू लवकरच क्रांतिकारकांचे केंद्र बनली. १९०६ मध्ये लंडनला आलेले विनायक दामोदर सावरकर येथेच राहिले. पुढे मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट हेही याच वर्तुळातले. अर्थात, येथे खोली घेणे म्हणजे एक राजकीय भूमिका घेणे होते. गुप्त पोलिसांची नजर या घरावर होती आणि त्यांचे खबरे घरातही शिरले होते.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध केला. त्यानंतर इंडिया हाउस टिकले नाही. या काळात भारतीय विद्यार्थ्यांना ‘योग्य’ निवास आणि मार्गदर्शन मिळावे म्हणून सरकारनेच व्यवस्था उभी केली. १९०९ मध्ये माहिती केंद्र व शैक्षणिक सल्लागार नेमण्यात आले आणि १९१० पासून २१ क्रॉमवेल रोड या इमारतीतून हे काम चालू लागले. नवागत विद्यार्थ्याला तेथे तात्पुरती खोलीही मिळत असे. अनेक स्वाभिमानी विद्यार्थी या इमारतीकडे मदतकेंद्र म्हणून न पाहता पाळतीचे ठिकाण म्हणून पाहत. दोन्ही पत्त्यांत ‘क्रॉमवेल’ हे नाव आहे, हा योगायोग. परंतु पहिला पत्ता निवडणारा आणि दुसरा निवडणारा विद्यार्थी यांच्या वाटा पहिल्याच रात्री वेगळ्या होत होत्या.

४. पत्ता हेच निवेदन :

राजकीय नेत्यांच्या बाबतीत निवास हे जाहीर निवेदन ठरते. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी ट्रान्सवालमधील भारतीयांचे शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. आरंभी ते इंडिया हाउसमध्ये उतरले. त्यानंतर शिष्टमंडळाचा मुक्काम हॉटेल सेसिल या प्रतिष्ठित हॉटेलात हलला. वसाहतमंत्र्यांशी आणि खासदारांशी बोलणी करू इच्छिणाऱ्या शिष्टमंडळाला तसाच पत्ता आवश्यक वाटला असावा.

लोकमान्य टिळक १९१८ च्या ऑक्टोबरअखेर लंडनला पोहोचले. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्यासाठी ते गेले होते. १९१९ च्या फेब्रुवारीत खटल्याचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. तरीही ते वर्षभर राहिले आणि स्वराज्याची बाजू मजूर पक्षासमोर व ब्रिटिश जनतेसमोर मांडत राहिले. त्यांचा मुक्काम मैदा व्हेल भागातील १० हॉवले प्लेस येथील घरात होता. तेथे आज स्मृतिफलक आहे. खटल्याचे कागद, भेटीला येणारी माणसे आणि आपल्या पद्धतीचे जेवण यांसाठी हॉटेलच्या खोलीपेक्षा घर उपयुक्त, हे उघड आहे. पंचहौदच्या चहानंतर २८ वर्षांनी टिळकांनी लंडनमध्ये वर्ष काढले, यातच या काळातील सामाजिक बदलाचे मोजमाप आहे.

१९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या गांधीजींनी मात्र नेमकी उलटी निवड केली. पूर्व लंडनमधील बो या कामगारवस्तीत, म्युरिएल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये ते राहिले. परिषद शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने नाइट्सब्रिज येथे कार्यालय ठेवावे लागले आणि दररोज मोठे अंतर कापावे लागले. १९०६ मध्ये प्रतिष्ठित हॉटेलची गरज वाटलेला नेता पंचवीस वर्षांनी गरिबांच्या वस्तीचा पत्ता निवडतो, तेव्हा बदलते ते त्याचे राजकारण.

५. निवडीचा अधिकार कोणाला?

येथवरच्या सर्व उदाहरणांत निवड करणाऱ्याला निवडीचा अधिकार आहे, हे गृहीत धरले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण हे गृहीतच तपासायला लावते. न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये परतले आणि करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास गेले. त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. परिचितांकडे विचारणा केली तर तेथेही नकार मिळाला. बडोद्याच्या सार्वजनिक बागेत त्यांनी काही तास काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आहे. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी तेथे नमूद केले आहे.

पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये ते १० किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. पैशांची चणचण होती, खाणे अपुरे होते. परंतु त्या दारात जात विचारली गेली नाही. ही वास्तू महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केली आणि तेथे स्मारक झाले. लंडनमध्येही वर्णभेद होता, हे इंडिया हाउसच्या जन्मकथेवरून आपण पाहिलेच. त्यामुळे परदेश उदार आणि स्वदेश अनुदार असे सरधोपट विधान करता येणार नाही. परंतु एकाच माणसाला परके शहर खोली देते आणि ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर तो शिकला त्याचीच राजधानी ती नाकारते, ही वस्तुस्थिती उरतेच.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठी प्रवाशाच्या निवासनिवडीत आरंभी अन्नशुद्धीचा विचार प्रधान होता आणि तो हळूहळू मागे पडला. १९३२ मध्ये लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तोपर्यंत आपल्या माणसांचा शोध हा आचारापेक्षा भाषेच्या आणि सहवासाच्या ओढीने होऊ लागला होता. दुसरी, आश्रय देणारा यजमान, संस्था किंवा सरकार आश्रयासोबत आपली अपेक्षाही देतो. तिसरी, निवासाची निवड हा सर्वांना सारखा उपलब्ध असलेला अधिकार कधीच नव्हता.

या तिसऱ्या निष्कर्षाचा संबंध आपल्या परिसराशी थेट पोहोचतो. मराठवाड्यातून आणि विदर्भातून येथे शिकायला वा कामाला आलेले आमचे विद्यार्थी भोसरी, निगडी, चाकण येथे खोली शोधतात, तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी त्यांना आडनाव विचारले जाते. काहींना आडनाव सांगितल्यावर खोली कालच गेल्याचे कळते. यांपैकीच एखादा विद्यार्थी चार-पाच वर्षांनी परदेशी प्रशिक्षणाला निघतो आणि सांगतो की, सर, तिथे फक्त पासपोर्ट मागतात. तो हे हसत सांगतो. १९१७ चे बडोदे शिकवताना वर्गात शांतता का पसरते, याचे उत्तर त्या हसण्यात आहे. स्थानिक इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांनी व संशोधकांनी औद्योगिक पट्ट्यातील भाड्याच्या खोल्यांचा हा इतिहास, तो सांगणारी माणसे हयात आणि जवळ असतानाच, नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.