विकला न गेलेला नांगर

रेणा नदीच्या काठची जमीन ज्याने पाहिली आहे त्याला काळी माती म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ती पायाला धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळून आ वासते, आणि एकदा तिच्यात कुंदा किंवा हरळी शिरली की शेतकऱ्याच्या दोन पिढ्यांना पुरून उरते. रेणापूरच्या शिवारापासून थेट मांजरेच्या खोऱ्यापर्यंत शेतकऱ्याचे हे जुने दुखणे आहे. आपला पूर्वापार लाकडी नांगर माती उकरी, पण ती उलथून टाकणे त्याच्या आवाक्यातले काम नव्हते. वरून तण खुरपले तरी मुळ्या खाली शाबूत राहत. हे काम करणारा लोखंडी नांगर गेल्या शतकाच्या आरंभी बेळगावात एका छोट्या कारखान्यात तयार झाला. शेतकऱ्याला ज्याची निकड, ती वस्तू दाराशी आली. मग ती हातोहात खपली असेल, असे वाटेल. घडले ते उलटेच! पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांची हकीकत आपल्या उद्योगाच्या इतिहासात सहसा एका ओळीत संपते. पुढचे वैभव एवढे मोठे आहे की त्यापुढे ती वर्षे कोणाच्या लक्षात राहू नयेत हे स्वाभाविकच. पण दिवाळीत नव्या वह्यांना हळदकुंकू वाहताना जुन्या वहीची नावे बाजूही एकदा डोळ्यांखालून घालावी, अशी आपल्या व्यापाऱ्यांची रीत आहे. जमेची बाजू माणसाला सुखावते खरी, पण शिकवण मात्र त्याला नावे बाजूकडूनच मिळते. म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राची ही दुसरी बाजू आज उघडू या.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातल्या मुलाने विद्येत नाव काढावे, वकील किंवा मामलेदार व्हावे, निदान शाळेत तरी वरच्या नंबरात असावे, ही त्या काळच्या बापाची अपेक्षा. लक्ष्मणाचे चित्त पुस्तकात रमेना. त्याला ओढ चित्रांची आणि यंत्रांची. ही दोन्ही त्या वेळच्या प्रतिष्ठित घरांत रिकामटेकडेपणाचीच लक्षणे समजली जात. मुलाने मुंबईला जाऊन चित्रकला शिकावी हे वडिलांना मान्य नव्हते. पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, त्यांनी पैशाची तजवीज केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

काशिनाथपंतांना दोष देण्याची घाई करण्याचे कारण नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेनेच मुलाने जावे असे ज्याला वाटत नाही असा बाप विरळा. त्यांची चूक झाली ती एवढीच की, मुलाला शाळेत जमत नाही याचा अर्थ त्याला काहीच जमणार नाही, असा त्यांनी घेतला. घरात दुसरा एक माणूस होता, त्याने तोच मुलगा वेगळ्या नजरेने पाहिला. म्हणून ती चूक मुलाच्या मुळावर आली नाही. एकत्र कुटुंबाचे पुष्कळ दोष सांगितले जातात, पण बापाची नजर चुकली तर सावरायला भावाची नजर असे, हा त्याचा गुण विसरता येत नाही.

रामुअण्णांच्या विश्वासाचे चीज लगेच झाले म्हणावे तर तसेही नाही. चित्रकार होण्यास निघालेल्या या तरुणाला मुंबईत कळून आले की आपली दृष्टी अंशतः रंगांध आहे. रंगांचे बारीक भेद ज्याला दिसत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? वडिलांचा विरोध पत्करून, भावाचे पैसे खर्चून धरलेली वाट अशी भिंतीपाशी येऊन संपली. दुसरा एखादा तोंड लपवून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी आपल्याजवळ काय उरले आहे ते पाहिले. रंग गेले होते, रेषा राहिली होती. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंग लागत नाहीत. ती विद्या त्यांनी हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. तिथल्या कर्मशाळेत त्यांचा हात यंत्रांवर बसला. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला.

इकडे बेळगावात १८८८ पासून सायकलींचे एक छोटे दुकान होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, अशी भावाभावांची वाटणी होती. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावी आले. दुकानाला दुरुस्तीच्या कामाची जोड मिळाली, आणि दुरुस्ती करता करता स्वतः काही घडवावे ही इच्छा बळावली. पहिली वस्तू कडबा कापण्याचे यंत्र, आणि त्यानंतर तो प्रसिद्ध लोखंडी नांगर.

नांगर का खपला नाही? एक कारण सर्वश्रुत आहे. लोखंडाने जमिनीत विष भिनते, काळी आई नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याचे सारे पोट एका पावसावर आणि चार बिघे जमिनीवर, त्याने परक्या वस्तूचा प्रयोग आपल्या रानात का करावा? फसला तर कारखानदाराचा एक नांगर फुकट जाईल, शेतकऱ्याचे मात्र सबंध वर्ष जाईल. शिवाय ओतीव लोखंडाचे काम मोठे नाजूक. फाळाचे टोक मऊ राहिले तर काळ्या रानात लौकर झिजते, आणि फार कडक झाले तर दगडाला लागून तुटते. विलायती नांगराच्या तोडीचा फाळ आपल्या ओतशाळेत निघेपर्यंत कारागिराला किती ओती मोडून पुन्हा भट्टीत टाकाव्या लागतात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. वस्तू बनवून झाली म्हणजे काम संपले हा नवशिक्या कारखानदाराचा भ्रम असतो. लक्ष्मणरावांचा तो दोन वर्षांत फिटला. पुढे त्यांच्या कारखान्याने शेतकऱ्याच्या भाषेत, शेतकऱ्याच्या जमिनीवर माल दाखवून विकण्याची जी पद्धत बसवली, तिचे मूळ या पडून राहिलेल्या नांगरांत आहे.

नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच नवे संकट आले. ज्या जागेवर कारखाना होता ती नव्या वसाहतीसाठी हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने ती सोडण्यास सांगितले. यंत्रे उचलून जायचे कुठे? त्या वेळी औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. राजेसाहेब स्वतः चित्रकार. औंधच्या देवळाच्या सभामंडपाच्या कामामुळे त्यांची आणि लक्ष्मणरावांची गाठ पडली होती. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचे आणि सापांचे रान! १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. वाडीच्या रखवालीसाठी त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्याच्या हातून एकदा चूक झाली त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, ही गोष्ट बोलण्यापुरती सोपी आहे. ज्याने स्वतः चुकण्याची किंमत मोजली आहे त्यालाच ती करता येते.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, असे सांगतात.

आता या कथेतला बाप पाहू. ज्या मुलाला वडिलांनी अडवले होते तो स्वतः बाप झाला तेव्हा कसा वागला? लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे नांगर न खपण्याच्या दिवसांतलाच. १९२२ साली लक्ष्मणरावांनी एकोणीस वर्षांच्या या मुलाला आणि पुतण्या माधव याला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकायला पाठवले. स्वतःजवळ पदवी नसलेल्या माणसाने, नुकत्या सावरलेल्या कारखान्याच्या जिवावर, दोन मुले सातासमुद्रापार धाडली. या धाडसाची किंमतही त्या घराने दिली. माधवराव क्षयाने आजारी पडले आणि परत आलेच नाहीत. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले. घरातला एक मुलगा गमावल्यावर उरलेल्याला पदराखाली झाकावे असे कोणत्याही वडीलधाऱ्याला वाटले असते. इथे मात्र परतलेल्या मुलाला कारखान्यात उतरू दिले, नवे करू दिले. १९४६ साली पुण्यात तेल-एंजिनांचा कारखाना निघाला तो शंतनुरावांच्या हातून. १९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडी होरपळली, तीही पुन्हा उभी राहिली. लक्ष्मणराव १९५६ साली गेले ते हे सारे पाहून.

इथवर वाचून कोणी म्हणेल, अपयश ही यशाची पहिली पायरी, हे तर आम्ही सुविचारांच्या फळ्यावर रोज वाचतो. पण इतिहास इतका गोडबोल्या नाही. लक्ष्मणरावांच्याच सुमारास जे. जे. कलाशाळेत शिकलेले दुसरे एक गृहस्थ होते, धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रणाचा धंदा केला, तो बसला नाही. छापखाना काढला, भागीदारांशी बिनसले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली विलायतेला गेले, कॅमेरा आणला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर दाखवला. पत्नी सरस्वतीबाईंनी मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, पुढे लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. सारे घर त्या वेडात सामील होते. तरीही पुढे हिंदुस्थान फिल्म्स कंपनीत भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, बोलपटांचे युग आले, आणि १९४४ साली नाशिकला दादासाहेब गेले तेव्हा जग त्यांना जवळजवळ विसरले होते.

दोघांचीही जिद्द सारखीच, अपयशेही सारखीच. मग फरक कशात? एकाच्या पाठीशी प्रत्येक पडझडीत कोणी तरी उभे होते, कधी भाऊ, कधी राजा, कधी हाताखालचे जिवाभावाचे सहकारी. दुसऱ्याला घराची साथ भरपूर मिळाली, पण व्यवहारात टिकणारा सोबती मिळाला नाही, आणि भागीदारांशी बिनसण्याची जी चूक छापखान्यात झाली तीच पुढे पुन्हा घडली. अपयश आपण होऊन काही शिकवीत नाही. ते वाचावे लागते, आणि वाचीपर्यंत तग धरण्यापुरता आधार लागतो. हा आधार देणे हेच वडीलधाऱ्यांचे काम.

रेणापूरला या कथेशी काय कर्तव्य? बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि १९२७ साली तिचे दुसरे टोक मिरजेला पोहोचले. म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारून निघालेले लोखंड निजामाच्या मुलखातल्या लातूरच्या गंजात उतरू शकेल असा रूळ पडला. या भागातही लोखंडी नांगर आला, काळ्या मातीने तो मानला, आणि विषाची गोष्ट आजोबांच्या थट्टेत जमा झाली. आज ट्रॅक्टरच्या जमान्यात तो गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडलेला आढळतो.

पण रेणापुरात आज दुसरेच एक पीक घेतले जाते, आणि ते आहे मुलांच्या गुणांचे. लातूरच्या परीक्षापद्धतीची कीर्ती महाराष्ट्रभर झाली. गेल्या काही दशकांत त्या पद्धतीने शेतकऱ्यांची कितीतरी मुले डॉक्टर, इंजिनियर केली, हे तिचे ऋण कोणीही नाकारू नये. जमिनीचा तुकडा विकून, खोली भाड्याने घेऊन आईने मुलाजवळ राहावे, बापाने गावी एकट्याने भाकरी थापून खावी, हा त्याग काही लहान नाही. मात्र एवढ्या त्यागाचे ओझे ज्याच्या खांद्यावर आहे त्या मुलाचे दोन गुण कमी पडले तर घरात जी शांतता पसरते, ती त्या मुलाने कशी सोसावी? कित्येक ठिकाणी ती सोसवली नाही, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. त्या मुलाच्या घरी काशिनाथपंत असतीलच. त्यांच्या काळजीत खोट नाही. प्रश्न एवढाच की, त्या घरात रामुअण्णा कोण होणार?

रंग दिसत नसतील तर रेषा दिसते का, हे विचारणारा एक माणूस प्रत्येक घरात असावा. तो काका असेल, आत्या असेल, थोरली बहीण असेल, किंवा निकालाचा कागद बाजूला ठेवून “आधी जेवून घे” म्हणणारी आजी असेल. या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती सारे कुटुंब जमेल. कोणाचा निकाल बिघडला असेल, कोणाचे दुकान बुडाले असेल, कोणाच्या सोयाबीनवर पाणी फिरले असेल. त्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतील. आपण त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढावी आणि उद्या काय करायचे ते त्याच्या तोंडून ऐकावे. बेळगावच्या त्या दुकानात सहा नांगर दोन वर्षे पडून होते, तेव्हा थोरल्या भावाने धाकट्याची साथ सोडली नव्हती.