वणवा विझवायला कोण धावतं? पाचगावच्या जंगलाची गोष्ट

फेब्रुवारी संपत आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत रात्री जंगल लाल दिसायला लागतं. आपण म्हणतो, "वणवा लागला." खरं तर बहुतेक वेळा तो लावलेला असतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून आग लावतात. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत मात्र कोणी नाही.

पूर्वीही आगी लागायच्या. पण आता उन्हाळा लवकर तापतो, पारा ४५च्या वर जातो, पाला कापरासारखा पेट घेतो. मोठी झाडं तगतात, रोपटी जळून जातात. वरून जंगल हिरवं दिसतं, पण खाली पुढची पिढीच उरत नाही. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते.

मग गाव विझवायला का धावत नाही? उत्तर इतिहासात आहे.

इंग्रजांनी १८६५ साली पहिला वन कायदा केला आणि १८७८च्या कायद्याने तो घट्ट आवळला. उत्तम जंगल 'राखीव' झालं, गावाचे हक्क म्हणजे सरकारने दिलेली सवलत ठरली. त्याच कायद्यात 'ग्रामवन' अशीही तरतूद होती, ती बहुतांशी कागदावरच राहिली. गावची गायरानं जंगल खात्याने गिळली, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ सालीच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडली होती. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला परवान्याशिवाय गवत कापून जंगल सत्याग्रह केला. त्याच वर्षी सप्टेंबरात चिरनेरला गोळीबार झाला, माणसं मेली. स्वातंत्र्य आलं, पण १९२७चा वन कायदा तसाच राहिला.

इतकी वर्षं "जंगल तुमचं नाही" असं ऐकलेला माणूस आग दिसली की काय म्हणणार? "सरकारचं जंगल आहे, सरकार विझवेल." आणि एका वनरक्षकाच्या वाट्याला जंगल केवढं येतं, ते आपण पाहतोच.

२००६च्या वनहक्क कायद्याने हे बदललं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा अधिकार मिळाला. बांबू गौण वनोपजात आला. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना देशात सर्वात आधी हे हक्क मिळाले. २०१२ साली गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला.

आता खरी गोष्ट. पाचगावने हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणं बंद केलं! पावसाळ्याआधी, बी-बियाण्याच्या वेळी हातात येणारा रोख पैसा आपणहून सोडला. कारण साधं होतं. पानासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात आणि तेंदूची फळं ना माणसांना मिळतात ना पाखरांना. त्याऐवजी त्यांनी बांबूवर भर दिला. तोडणी आणि विक्री ग्रामसभेच्या हातात ठेवली. शिवाय चांगल्या जंगलाचा सुमारे ८५ एकर भाग देवराई म्हणून राखून ठेवला. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिलं आहे.

कोणी म्हणेल, आगी लावतात तेही गावातलेच ना? बरोबर आहे. नुसता हक्काचा कागद मिळाला म्हणून वणवा थांबत नाही. प्रत्येक गावाला तेंदू सोडणं परवडेल असंही नाही. त्या पैशावर किती घरं चालतात, हे मला ठाऊक आहे. पण पाचगावात हा निर्णय कोणी वरून लादला नाही. ज्यांचं नुकसान होणार होतं, त्यांनीच बसून तो घेतला, कारण पुढचा बांबूही त्यांचाच होता. जंगल दुसऱ्याचं असतं तेव्हा माणूस यंदाचा हंगाम पाहतो. स्वतःचं असलं की नातवंडांचा विचार करतो.

ऊन तर वाढतच जाणार आहे. ते आपल्या हातात नाही, पाला पेटवायचा की झाडून घ्यायचा हे आहे. जाळरेषा वेळेत काढणं आहे. रात्रीची गस्त कोणी घालायची, हे ठरवणं आहे.

म्हणून एकच विनंती. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वणव्याचा विषय घ्यायला लावा. मोह फुलायच्या आधी. आपल्या गावाला सामूहिक हक्क मिळालाय का, दावा कुठे अडकलाय, हेही तिथेच विचारा. तुमच्या गावात काय होतं, खाली नक्की लिहा.