वारुळावरची अळंबी आणि तिची जुनी पारख

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तिच्यात लसूण-कांद्याच्या पंक्तीला कवक, म्हणजे अळंबीही बसवली आहे. अळंबीने माणसं दगावत म्हणून ही बंदी आली, असं सांगितलं जातं, पण ते पटत नाही. कांदा खाऊन कोणाला विषबाधा होत नाही, म्हणजे ही यादी सोवळ्या-ओवळ्याची आहे, विषाची नव्हे. सुश्रुतसंहितेची वाट निराळी. तिथे अळंबीचे प्रकार पाडले आहेत ते ती कशावर उगवते यावरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीतली. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण कोकण-गोव्यातली रानअळंबीची पारखही याच प्रश्नापासून सुरू होते. ही अळंबी आली कुठून?

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथे येणारी ती रोयण अळमी. विदर्भात सात्या, टेकोडे अशी रानअळंबीची नावं ऐकू येतात. वारुळात वाळवी पाचोळा आणि लाकूड खाऊन आपल्या विष्ठेचे छिद्राछिद्रांचे पोळ्यासारखे गोळे रचते आणि त्यांवर एक बुरशी पोसते. 1942 साली फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे एम यांनी या बुरशीच्या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. पावसाने माती भिजली की तीच वर येते. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, त्याने ती माती फोडते. हलक्या हाताने माती उकरली तर बहुतेक जातींत दांडा खाली निमुळता होत लांब मुळासारखा त्या गोळ्यापर्यंत गेलेला दिसतो. गोवा आणि दक्षिण कोकणात वारूळ हे सातेरी देवीचं रूप मानतात. त्यामुळे कोणतं वारूळ कुठे आहे, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. या परंपरेत सगळ्या अळंब्या ओळखणारा कोणी नव्हता. ठरलेल्या जागी, ठरलेल्या पावसात येणारी एक-दोन जातींची अळंबी घ्यायची, बाकीची सगळी कुत्र्याची छत्री. माझ्या मते या परंपरेची सुरक्षितता ज्ञानाच्या पसाऱ्यात नव्हती, या नकारात होती.

यावर कोणी म्हणेल, पिढ्यांनी खाल्ली तर काहीतरी सर्वसाधारण खूण असणारच. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्लेली असेल तर चांगली, शिजवली की विष जातं, अशा खुणा घरोघरी सांगतात, आणि त्या सगळ्या खोट्या आहेत. चांदी गंधकाने काळवंडते. गोगलगाय जी अळंबी निवांत खाते, ती माणसाचं यकृत निकामी करू शकते. अमॅनिटा कुळातल्या काही जातींतलं अमॅटॉक्सिन उकळून, तळून, वाळवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. मग थोडा उतार पडल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर यकृत हातचं जातं. पूर्वी कोणी मेलं नाही, या दाव्यालाही फारसा आधार नाही. ऐन पावसाळ्यात, रात्री जेवून दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या जुलाबांना पटकीचं नाव देणं सोपं होतं.

शिवाय ही पारख त्या मातीबरोबरच असते, माणसाबरोबर प्रवास करत नाही. 1981 साली कॅलिफोर्नियात लाओसहून आलेल्या निर्वासितांना रानअळंबीने विषबाधा झाली. अळंबी तांदळाबरोबर उकळायची, तांदूळ लाल झाला तर टाकायची, ही त्यांची घरची परीक्षा, आणि तिने धोका दाखवला नाही. 2015 मध्ये जर्मनीत सीरियातून आलेल्या निर्वासितांना अमॅनिटा फॅलॉइडिसने विषबाधा झाली. ओळखीचं रूपच फसवतं: पूर्व आशियातल्या लोकांच्या ओळखीची पेंढ्यावरची अळंबी आणि अमॅनिटा फॅलॉइडिस कोवळेपणी सारख्याच दिसतात, दोघींच्या बुडाशी पिशवी असते. एक साधी तपासणी इथे उपयोगी पडते. टोपी कापून रात्रभर कागदावर पालथी ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. पेंढ्यावरचीचा ठसा गुलाबीसर येतो, अमॅनिटाचा पांढरा. हिरवळीवर उगवणाऱ्या, छत्रीसारख्या ऐसपैस क्लोरोफायलमचा हिरवट येतो, आणि तीही विषारीच. वारुळावरचीचा ठसाही गुलाबीसरच, म्हणून ठसा नाकारायला चालतो, एकट्या ठशावर ताटात घेता येत नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप तर फोटोत येईल तेवढंच बघतं, अळंबी उपटल्याशिवाय जमिनीत गेलेला दांडा आणि बुडाची पिशवी त्याला दिसतच नाही.

तेव्हा नवख्याने पहिली काही वर्षं जाणत्याबरोबर जाऊन फक्त बघावं, आणि खायचीच तर त्याने दाखवलेली एकच जात खावी. अळंबी बुडासकट उपटावी, वारूळ मात्र खणू नये, आणि जे शिजवलं त्यातली एक अख्खी, कच्ची अळंबी कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी. जेवणानंतर काही तासांनी पोट बिघडलं तर उतार पडायची वाट न बघता तीच घेऊन दवाखाना गाठावा, कारण काय खाल्लं होतं हे डॉक्टरांना तिच्यावरून कळू शकतं.