नातवंडाची कवंदी : उत्तर कानड्यांतील सिद्दी कुटुंबांच्या प्रवासाचें एक साधन

१. पेशवे दप्तरांतील कागदांचे गठ्ठे ज्या कापडांत बांधलेले असतात त्यांस रुमाल म्हणतात, हें वाचकांस विदित आहेच. रुमाल सोडावा, आंतील कागद वाचावे, नक्कल घ्यावी आणि रुमाल पुनः बांधून ठेवावा, ही आपली नित्याची रीत. इ. स. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ते असे रुमाल सोडूनच. या रीतींत कापडास वेष्टनापलीकडे किंमत उरत नाहीं. परंतु ज्या लोकांजवळ कागद मुळींच नव्हता, त्यांच्या बाबतींत कापड हेंच दप्तर होण्याचा संभव असतो. अशा एका कापडाचा विचार येथें कर्तव्य आहे. तें म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी बायकांची गोधडी. तीस त्यांच्यांत कवंदी म्हणतात, आणि ती शिवण्याचें निमित्त पुष्कळदां घरांत जन्मलेलें नातवंड हें असतें.

२. सिद्दी हें नांव घेतांच मराठी वाचकास जंजिरा आठवतो. इ. स. १७३३ ची बाजीरावाची मोहीम, इ. स. १७३६ त चिमाजी आपाशीं झालेल्या लढाईंत सिद्दी साताचा झालेला शेवट, त्यापूर्वींचा मलिक अंबर (मृत्यु इ. स. १६२६) व त्याचा कारभार, हे विषय आपल्या कागदपत्रांत भरपूर आले आहेत. हे सिद्दी दर्यावर्दी, किल्लेदार आणि सरदार होते. त्यांनीं पत्रें पाठविलीं, तह केले, शिक्के वापरले. उत्तर कानड्यांतील सिद्द्यांची हकीकत निराळी आहे. पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० त गोवें घेतल्यावर त्यांच्या जहाजांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील माणसें गुलाम म्हणून तेथें येऊं लागलीं. त्यांपैकीं जीं पळून घाट चढलीं व रानांत राहिलीं, त्यांचे वंशज या सिद्द्यांत मोठ्या संख्येनें आहेत. पोर्तुगीज राज्यांत गुलामांच्या व्यापारास इ. स. १८३६ त बंदी झाली व प्रत्यक्ष गुलामगिरी इ. स. १८६९ त कायद्यानें उठली. उत्तर कानडा हा जिल्हा इ. स. १८६२ त मद्रास इलाख्यांतून मुंबई इलाख्यांत आला, आणि इ. स. १८८३ त निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या कानड्यावरील खंडांत सिद्द्यांची नोंद झाली. पळालेल्या माणसानें मागें कागद ठेवावा अशी अपेक्षाच व्यर्थ होय. त्याचें हित कोणत्याही कागदांत न सांपडण्यांत होतें.

आज या लोकांची वस्ती मुख्यतः यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला व शिरसी या बाजूंस असून धारवाड व बेळगांव जिल्ह्यांच्या लगतच्या भागांतही त्यांचीं घरें आहेत. त्यांच्यांत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तीनही धर्म आहेत. रानांतील मजुरी, भातशेती व सुपारीच्या बागांतील काम यांवर बहुतेकांचा निर्वाह चालत आला. इ. स. २००३ त त्यांचा समावेश कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींत झाला.

३. आतां कवंदीची घडण पाहूं. तीस लागणारें सर्व कापड घरचेंच, म्हणजे विटलेलीं लुगडीं, फाटके सदरे, मुलांस आंखूड झालेले कपडे. खालीं बहुधा एक सबंध लुगडें पसरतात. त्यावर कडेपासून आरंभ करून तुकड्यांच्या कडा आंत मुडपीत, धांवदोऱ्यानें शिवीत, चारही बाजूंनीं फेर घेत घेत मध्याकडे जातात. आधीं आराखडा काढलेला नसतो. हातीं आलेला तुकडा पाहून पुढचा तुकडा ठरतो. शेवटीं चारही कोंपऱ्यांस घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांस फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी नागडी समजली जाते. ख्रिस्ती घरांतील कवंदीवर कधीं क्रूस, तर मुसलमान घरांतील कवंदीवर कधीं चंद्रकोर आढळते. शिवण्याची रीत मात्र तिन्ही धर्मांच्या बायकांची एकच. कांहीं कवंद्या दोनतीन मुलें एकत्र निजतील एवढ्या मोठ्या असतात, तर कांहीं केवळ पाळण्यापुरत्या.

हें काम बहुधा वयस्क बायका करितात आणि लेंकरां-नातवंडांसाठीं करितात. आपल्याकडेही बाळास पहिल्यानें नवें कापड न घालतां आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचें दुपटें घालीत, आणि बाळ पाहावयास रिकाम्या हातीं जाऊं नये असा शिष्टाचार होता. दुपटें, झबलें, टोपरें, कुंची हीं बाळंतविड्यांतील नांवें अजून घरोघर माहीत आहेत. दुपट्यांत एकाच माणसाचें वस्त्र असतें. कवंदींत सबंध घर असतें. आजोबांचा सदरा, आईचें लग्नानंतरचें लुगडें, थोरल्या भावंडाचा कुडता एका शेजारीं एक बसविलेले असतात, आणि कोणता तुकडा कोणाचा हें शिवणारीस ठाऊक असतें. आपण वंशावळी जमवितों. त्यांत पुरुषांचीं नांवें असतात व बायकांचीं बहुधा गाळलेलीं असतात. ही वंशावळ बाईनें रचिलेली असते.

४. या कापडावरून कुटुंबांच्या प्रवासाविषयीं काय निष्पन्न होतें? प्रथम शिवणीचा विचार करूं. कवंदींतील रंगांची ठसठशीत मांडणी आफ्रिकेंतून आलेली आहे असें म्हणण्याचा मोह पडतो. परंतु धांवदोरा व कडेकडून मध्याकडे येणारे फेर महाराष्ट्रांतील गोधडींतही आहेत, आणि घाटावरील कानडी मुलुखांतही तशींच पांघरुणें शिवलीं जातात. म्हणून केवळ टांक्यावर मूळस्थानाचा निर्णय करणें धोक्याचें होय.

शब्दांचा पुरावा अधिक बळकट आहे. कानडी मुलुखांत गोधडीस कौदी म्हणतात. कवंदी या नांवाचें त्याशीं साम्य उघड आहे. उलट फुला हा शब्द कानडी नव्हे; कानडींत फुलास हूवु म्हणतात. फूल हा शब्द मराठी व कोंकणी भाषांचा, म्हणजे घाटाखालचा आहे. सिद्द्यांची घरांतील बोलीही कोंकणी-मराठीच्या वळणाची असून तींत कानडीची भर पडलेली आहे. तात्पर्य, पांघरुणाचें नांव ज्या मुलुखांत आसरा मिळाला त्या मुलुखाशीं जुळतें आणि त्याच्या कोंपऱ्याचें नांव ज्या मुलुखांतून पळ काढला त्या मुलुखाशीं. गोवें ते घाटमाथा हा मार्ग एका गोधडीच्या दोन शब्दांत उमटला आहे.

यावर कोणी अशी शंका घेईल कीं, हल्याळ व खानापूर या बाजूस मराठी बोलणारी वस्ती पूर्वापार आहे, तेव्हां फुला हा शब्द तेथूनच उचलला असेल. शंका रास्त आहे. परंतु यल्लापुराकडे भोंवतालचा व्यवहार कानडींत चालत असतांही सिद्द्यांची घरची बोली कोंकणीच्या वळणाचीच राहिली आहे. शेजारापासून घेतलेला शब्द असता तर तेथें कानडी शब्दच रूढ होणें अधिक स्वाभाविक होतें. घरांतील शब्द घरांतूनच पुढें जातात. आणि लेंक एका वाडीवर जन्मून दुसऱ्या वाडीवर नांदावयास जाते, तेव्हां ते शब्द तिच्याबरोबर जातात. तिच्या पोटीं मूल झालें म्हणजे आजी कवंदी घेऊन त्या वाडीवर जाते. या प्रवासास रोजनिशी नाहीं. कवंदी हीच त्याची खूण.

५. गोधडी साधन म्हणून कशी वापरावी याचीं दोन उदाहरणें अन्यत्र उपलब्ध आहेत. बंगाल्यांत गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनीं पुष्कळ कंथा जमविल्या. त्यांत मानदासुंदरी नांवाच्या बाईची एक कंथा आहे. ती तिनें आपल्या वडिलांकरितां केली आणि तसा लेख बंगाली अक्षरांत सुईनेंच काढला. येथें कर्ती, नातें व हेतु हीं सर्व कापडावरच लिहिलेलीं आहेत. दुसरें उदाहरण अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांताचें. गुलामगिरींत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) हिनें शिवलेली बायबलांतील कथांची गोधडी इ. स. १८८६ त एका प्रदर्शनांत मांडली होती. पुढें कांहीं वर्षांनीं अडचणीमुळें तिनें ती जेनी स्मिथ या चित्रकर्त्रीस पांच डॉलरांस विकली. विकत घेणारीनें प्रत्येक चौकटीचा अर्थ कर्तीकडून समजून घेऊन लिहून ठेविला. त्या टिपणामुळें आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत ती गोधडी बोलते. पॉवर्सबाई आपली गोधडी पाहावयास पुढेंही स्मिथबाईंकडे येत असे.

कवंदीवर लेख नसतो. तेव्हां दुसरा मार्गच आपणांस मोकळा आहे. तो तातडीनें धरावयास पाहिजे, याचीं दोन कारणें आहेत. एक, कवंदी ही रोज अंथरावयाची, धुवावयाची व फाटून जावयाची वस्तु आहे; जुन्या पोथीप्रमाणें ती माळ्यावर वाट पाहात राहात नाहीं. दुसरें, एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या गोधड्यांची कीर्ति परदेशांत पोंचली, प्रदर्शनें झालीं व विक्रीसाठीं कवंद्या शिवल्या जाऊं लागल्या. त्यांतून बायकांस चार पैसे मिळतात हें इष्टच आहे. परंतु विक्रीची कवंदी व नातवंडाची कवंदी यांची पुराव्याच्या दृष्टीनें योग्यता एक नव्हे. पहिलींत कसब दिसतें. दुसरींत कसबाबरोबर कुटुंबही असतें.

६. म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, पाळण्यांतील कवंदी मागूं नये; ती ज्याची त्यास राहूं द्यावी. तिचें छायाचित्र घ्यावें आणि सोबत पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या : शिवणारीचें माहेर व सासर; ज्या नातवंडासाठीं ती शिवली त्याची वाडी; कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा; फुला, टांका, कड यांस घरांत चालणारे शब्द, जसे उच्चारले तसे; आणि शिवणें तिनें कोणापासून घेतलें. अशीं पन्नास टिपणें एकत्र झालीं तर कोणत्या वाडीचा कोणत्या वाडीशीं सोयरसंबंध होता, घाटाखालचे शब्द कोठपर्यंत टिकले व कोठें कानडीनें त्यांची जागा घेतली, याचा नकाशा काढतां येईल. ही माहिती देऊं शकणाऱ्या आज्या वृद्ध आहेत. मोडी कागद आणखी दहा वर्षें रुमालांत राहिल्यास फारसें बिघडणार नाहीं. हें काम मात्र तोंवर थांबणारें नाहीं.