स्वस्त कांजी, तळलेलं भूत आणि सिंगापूरचा फेरीवाला

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला फोन करून विचारलं, "अहो, पेजेला कसला इतिहास? तांदूळ घ्यायचा, पाणी घालायचं, शिजवायचं!" मी म्हटलं, या आणि ऐका. ते आलेले दिसतायत, तेव्हा आता मला माघार घेता येणार नाही. (हशा)

काही वर्षांपूर्वी मी सिंगापूरला गेलो होतो. चायनाटाऊन भागात एक मोठी सरकारी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर खाद्यपदार्थांचे दोनशेहून अधिक गाळे आहेत. एवढं मोठं हॉकर सेंटर त्या देशात दुसरं नाही. सकाळी साडेसहाला तिथे पोचलो. वातानुकूलन नाही, छताला पंखे, जमिनीला पक्की डांबलेली टेबलं. बहुतेक गाळे बंद होते, पण कांजीच्या गाळ्यासमोर रांग होती. रांगेत म्हातारे-म्हाताऱ्या, सफाई कामगार, रात्रपाळी संपवून आलेले टॅक्सीवाले. मोठ्या वाडग्यात वाफाळती पांढरी कांजी, वर आल्याचा कीस, पातीचा कांदा, मिरपूड आणि सोया सॉसचे चार थेंब. शेजारच्या गाळ्यावरून हातभर लांबीची, सोनेरी, आतून पोकळ अशी तळलेली पिठाची कांडी घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि कांजीत बुडवून खायचे. दोन्ही मिळून पाचेक डॉलर. सिंगापूरसारख्या महागड्या शहरात पाच डॉलरांत पोट भरतं, याचं मला नवल वाटलं. आजचं सगळं व्याख्यान त्या नवलातून निघालेलं आहे. ही वाटी स्वस्त का आहे? ती स्वस्त ठेवण्याचा भार कोण उचलतं?

आधी नावापासून सुरुवात करू, कारण नावात आपलाही वाटा आहे. इंग्रजीत या पदार्थाला 'काँजी' म्हणतात. हा शब्द चिनी नाही. तो दक्षिण भारतातला, तमिळ-मल्याळमचा 'कंजी'. पोर्तुगीज आले, त्यांनी तो उचलला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. इथले वैद्य आजाऱ्याला मिरी-जिरं घातलेलं भाताचं पाणी देतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात, असं त्याने त्यात लिहून ठेवलंय. पुढे इंग्रजांनी तो शब्द पूर्वेकडे नेला आणि चिनी लोकांच्या वाडग्यावर चिकटवला. चिनी माणूस स्वतः काय म्हणतो? उत्तरेकडच्या भाषेत 'झोउ', कँटनच्या बोलीत 'जुक', तेओच्यू आणि होक्क्येन बोलींत 'म्वे'. म्हणजे आजाऱ्याच्या पथ्याचं आपलं नाव जगभर फिरून चिनी न्याहारीला लागलं.

पण चीनमध्ये पेज केवळ पथ्याची नव्हती. एक साधा हिशोब बघा. एक वाटी तांदळाचा भात केला तर त्याला दोन-अडीच वाट्या पाणी लागतं. त्याच तांदळाची कांजी केली तर आठ-दहा वाट्या पाणी जातं. धान्य तेवढंच राहतं, वाडगे मात्र तिप्पट-चौपट भरतात. म्हणून पेज हे टंचाईचं अन्न झालं. छिंग राजवटीत दुष्काळ पडला, किंवा हिवाळा कडक असला, की सरकार आणि श्रीमंत लोक पेजेची अन्नछत्रं चालवत. तिथे काळजी एकच, की छत्र चालवणारा तांदूळ खाईल आणि लोकांना नुसतं पाणी पाजेल. म्हणून पेजेत चॉपस्टिक उभी केली तर ती पडता कामा नये, अशी कसोटी होती असं लोक सांगत आले आहेत. राज्यकर्त्यांची दानत चॉपस्टिकने मोजायची! १८७६ ते १८७९ या काळात उत्तर चीनमध्ये भयानक दुष्काळ पडला. ज्या वर्षांत आपल्या दख्खनमध्ये पाऊस हुकला, साधारण तीच ही वर्षं. तिकडे सुमारे ९० लाख ते १ कोटी ३० लाख माणसं मेली असं इतिहासकार मानतात. अशा काळात पेजेची छत्रं होती, आणि ती पुरी पडली नाहीत.

आता त्या तळलेल्या कांडीकडे येऊ. मँडरिनमध्ये तिचं नाव 'यौत्याओ', म्हणजे तेलातली पट्टी. पण कँटनी लोक म्हणतात 'यौ-चा-क्वाय', म्हणजे चक्क 'तेलात तळलेलं भूत'! मलय भाषेत तिला 'चाकोई' म्हणतात. भूत कुठून आलं, त्याची गोष्ट अशी.

बाराव्या शतकात सोंग राज्याच्या उत्तरेवर ज्युर्चेन लोकांनी कब्जा केला होता. युए फेइ नावाचा सेनापती त्यांच्याशी लढत होता आणि जिंकतही होता. दरबाराला मात्र तह हवा होता. प्रधान होता छिन हुइ. युए फेइला रणांगणावरून परत बोलावलं, कैदेत टाकलं आणि ११४२ च्या सुरुवातीला मारलं. वीसेक वर्षांनी नव्या सम्राटाने त्याला निर्दोष ठरवलं. हांगचौला त्याची समाधी आहे. तिथे छिन हुइ आणि त्याची बायको यांचे लोखंडी पुतळे गुडघे टेकून बसवलेले आहेत, आणि येणारे-जाणारे पिढ्यान् पिढ्या त्यांच्यावर थुंकत आले. लोककथा सांगते की, एका तळणाऱ्याने संतापून पिठाच्या दोन आकृत्या केल्या, एक प्रधान आणि एक त्याची बायको. त्या पाठीला पाठ लावून कढईत सोडल्या. लोक 'तळलेला हुइ' म्हणून ते खाऊ लागले आणि पुढे उच्चार बदलून त्याचं भूत झालं. आजही ही कांडी करताना पिठाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवतात, मध्ये काडीने दाबतात, ताणतात आणि मग तेलात सोडतात.

आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला थोडा रसभंग करायला हवा. तळलेलं पीठ चीनमध्ये युए फेइच्या सहाशे वर्षं आधीपासून होतं. सहाव्या शतकात ज्या सिश्ये याने लिहिलेल्या 'छि मिन याओ शू' या शेतीच्या ग्रंथात तळलेल्या पिठाच्या पदार्थांच्या कृती आहेत. दोन पट्ट्या जोडण्यामागे पाकशास्त्राचं कारण आहे. पट्टी एकच असली तर बाहेरचा थर लगेच कडक होतो आणि ती फुगत नाही. दोन असल्या की मधली जागा तेलापासून झाकलेली, मऊ राहते. वाफ आणि सोड्याचा वायू तिथून पट्ट्यांना ढकलतात आणि कांडी दुप्पट फुगते. मग गोष्ट खोटी का? घटना म्हणून ती सिद्ध होत नाही. पण ज्यांना दरबारात उभंही राहता येत नव्हतं, त्यांनी आपला निकाल कढईत लावला आणि तो रोज सकाळी चावून खाल्ला, एवढं तरी त्यातून कळतं. ग्रंथकारांनी लिहिलेल्या इतिहासाबरोबर हा तळणाऱ्यांनी ठेवलेला इतिहासही मी मोजतो.

मग हे भूत समुद्र ओलांडून सिंगापूरला कसं आलं? १८१९ साली रॅफल्सने तिथे इंग्रजांची वखार घातली. बंदर वाढलं आणि दक्षिण चीनमधून, म्हणजे फूच्येन आणि ग्वांगतुंग प्रांतांतून, हजारो मजूर आले. कुणी गोदीत हमाली करे, कुणी १८८० नंतर आलेल्या हातरिक्षा ओढे. बहुतेक एकटे पुरुष. राहायचे कुठे? दुकानांच्या वरच्या मजल्यावर, फळ्या ठोकून केलेल्या अंधाऱ्या खोल्यांत, एकेका खोलीत कितीतरी जण. चूल पेटवायला जागा नाही, रांधायला बाईमाणूस नाही. मग खायचं रस्त्यावर. आणि रस्त्यावर खाऊ घालणाराही त्यांच्यातलाच, ज्याच्याकडे भांडवल म्हणून एक कावड होती. हो, अगदी आपली कावड! खांद्यावर आडवा बांबू, एका टोकाला शेगडी आणि हंडा, दुसऱ्या टोकाला वाडगे आणि पाण्याची बादली. शेवया विकणारा बांबूच्या चिपळ्या 'टोक-टोक' वाजवत गल्लीतून जायचा. पहाटे हमाल कामावर निघण्याआधी कांजी तयार हवी, म्हणून कांजीवाला मध्यरात्रीच उठायचा. हमालाची मजुरी कमी, म्हणून कांजी स्वस्त हवी. आणि कांजी स्वस्त मिळत होती, म्हणून हमालाची मजुरी कमी ठेवता येत होती. हे दुसरं वाक्य जरा लक्षात ठेवा. वसाहतीच्या बंदराचा नफा काही अंशी या कावडीवर तोललेला होता.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. ब्रह्मदेश आणि सयाममधून येणारा तांदूळ आटला. साडेतीन वर्षं लोकांनी रताळी आणि टॅपिओका, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, यांवर काढली. तांदूळ मिळालाच तर त्याची पातळ पेज. त्या पिढीतल्या अनेकांच्या आठवणींत ही पेज आहे. म्हणून आजही कुणी ती पोटाची माया म्हणून खातो आणि कुणाला ती उपासमारीची चव वाटते.

युद्धानंतर बेकारी वाढली आणि रस्त्यावरचे फेरीवालेही वाढले. सांडपाणी गटारात, उरलेलं अन्न रस्त्यावर, उंदीर आणि टायफॉइडची भीती. पालिकेचे लोक गाड्या उचलायचे, फेरीवाले पळायचे. हे चित्र इथे बसलेल्या कुणाला नवीन नाही! (हशा) १९५० साली सरकारने फेरीवाल्यांच्या प्रश्नावर चौकशी आयोग नेमला. फेरीवाला म्हणजे रस्त्यावरून हटवण्याजोगा उपद्रव, अशीच अधिकाऱ्यांची नजर असते, हे त्या आयोगाने नोंदवलं. फेरीवाल्यांमुळे गरिबाला स्वस्त अन्न मिळतं, हेही त्याने मान्य केलं.

१९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झालं. १९६८-६९ मध्ये सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली, सुमारे २४,००० जणांची. आणि १९७१ पासून १९८६ पर्यंत सरकारने हॉकर सेंटरं बांधली: छप्पर, नळ, गटार, वीज आणि प्रत्येकाला एक गाळा. १९७७ ते १९८७ मध्ये सिंगापूर नदी स्वच्छ करताना काठावरचे फेरीवालेही असेच आत आणले गेले. सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. ओळखीची गिऱ्हाइकं तुटली, नव्या जागी धंदा बसेल का ही धास्ती होती. सक्ती होतीच. पण एक गोष्ट सरकारने समजून घेतली. यांना नुसतं हटवलं तर शहर स्वच्छ होईल आणि कामगार उपाशी राहील. म्हणून रस्त्यावरून आणलेल्यांना बाजारभावापेक्षा कमी भाड्याने गाळे दिले. खाजगी, वातानुकूलित फूड कोर्ट १९८५ पासून मॉलमध्ये आले, तिथलं भाडं वेगळं आणि वाडग्याचे भावही वेगळे.

तेव्हा सुरुवातीचा प्रश्न: ही वाटी स्वस्त का? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, पाणी. दुसरं, मध्यरात्री उठून हंड्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाची झोप. तिसरं, सार्वजनिक पैशाने बांधलेलं छप्पर आणि कमी भाडं. स्वस्ताई आपोआप येत नाही. ती कुणीतरी ठरवावी लागते आणि कुणीतरी सोसावी लागते.

२०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. सत्तर वर्षांत उपद्रवाचा वारसा झाला! आनंदाचीच गोष्ट आहे. पण गाळेधारकांचं वय आता साठीच्या घरात आहे. जुनी पिढी निवृत्त झाली की तिचं कमी भाडं तिच्याबरोबर जातं, तांदूळ-तेल महागलंय, आणि गिऱ्हाईक मात्र कांजीला एक डॉलर जास्त द्यायला कुरकुरतं. त्याच सकाळी मी त्या कांजीवालीला विचारलं, तुमच्यानंतर हा गाळा कोण चालवणार? तिने पळी न थांबवता सांगितलं, "मुलगी ऑफिसात आहे. ती नऊला जाते." एवढंच. त्या बोलण्यात खंत नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. तिने आयुष्यभर रात्री दोनला उठून कांजी ढवळली, ती मुलीला रात्री दोनला उठावं लागू नये म्हणून.

आता सांगा, तिला आपण काय म्हणणार? वारसा जप म्हणणार? वारसा म्हटलं की जपण्याची जबाबदारी सगळ्यांची असायला हवी, पण इथे ती पुन्हा हंड्यापाशी उभ्या असलेल्या माणसावरच येते. आपल्याला तो वाडगा हवा असेल तर त्याच्या किमतीतला आपला वाटा आपण उचलायला हवा, भाड्याच्या रूपाने किंवा भावाच्या रूपाने. नाहीतर फलक राहील आणि हंडा उतरेल.

माझे स्नेही पेजेचा इतिहास ऐकायला आले होते. घरी गेल्यावर त्यांनी कुणाला तरी विचारावं, आज पहाटे माझ्यासाठी कोण उठलं होतं? इथे थांबतो.