सिझेरियननंतरच्या प्रसूतीचा निर्णय : अमेरिकेतील मातांच्या चळवळीचा ऐतिहासिक आढावा (१९१६ ते २०२१)

प्रस्तावना

स्त्रियांच्या इतिहासलेखनात शिक्षण, मताधिकार आणि संपत्तीचा हक्क या विषयांना प्राधान्य मिळाले. प्रसूती हा विषय मात्र बहुतांशी वैद्यकशास्त्राच्या इतिहासापुरता मर्यादित राहिला. पहिले मूल सिझेरियन शस्त्रक्रियेने झाले असल्यास पुढचे मूल कोणत्या मार्गाने जन्माला यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकीय वाटतो. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नावर सामान्य मातांनी संघटना उभारल्या, रुग्णालयांना जाब विचारला आणि तज्ज्ञांच्या परिषदांचे लक्ष वेधले. प्रस्तुत लेखात या चळवळीचा ऐतिहासिक पद्धतीने आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे

१) सिझेरियननंतर पुन्हा सिझेरियन हा नियम कसा रूढ झाला, हे पाहणे.
२) या नियमाला आव्हान देणाऱ्या मातांच्या संघटनांचे कार्य समजून घेणे.
३) निर्णयाचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नाचे बदलते स्वरूप स्पष्ट करणे.

एका सूत्राचा उगम

न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये एका लेखात असे सूत्र मांडले की, एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमीच सिझेरियन. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेतला जात असे आणि पुढील प्रसूतीच्या कळांमध्ये तो व्रण फाटण्याचा धोका मोठा होता. क्रेगिन यांचा मुख्य रोख पहिलीच शस्त्रक्रिया अनावश्यकपणे करू नये, असा होता. सूत्राला अपवाद असल्याचेही त्यांनी नमूद केले होते. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण अधिक भक्कम असतो. अशा रीतीने सूत्रामागचे कारण बरेचसे दूर झाले, परंतु सूत्र अमेरिकेत कायम राहिले. १९७० मध्ये तेथील सिझेरियनचे प्रमाण ५.५ टक्के होते, ते १९८० मध्ये १६.५ टक्क्यांवर गेले. पूर्वी सिझेरियन झालेल्या मातांपैकी १९८० मध्ये केवळ ३.४ टक्के मातांची पुढील प्रसूती योनिमार्गे झाली.

संघटनांचा उदय

१९७० च्या दशकात बोस्टन परिसरात सिझेरियन झालेल्या मातांना आधार व माहिती देणारे गट निर्माण झाले. या कार्यात नॅन्सी वेनर कोहेन अग्रभागी होत्या. सिझेरियननंतरच्या योनिमार्गे प्रसूतीसाठी 'व्हीबॅक' हा संक्षेप रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९८२ मध्ये एस्थर बूथ झॉर्न यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे 'सिझेरियन प्रिव्हेन्शन मूव्हमेंट' ही संघटना स्थापन केली. लगेच १९८३ मध्ये कोहेन व लोइस एस्टनर यांचा 'सायलेंट नाइफ' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या कार्याचे सामर्थ्य माहितीच्या देवाणघेवाणीत होते. पोटावरील व्रण आडवा असला तरी गर्भाशयावरील छेद उभा असू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेची नोंद मातेच्या हाती असणे महत्त्वाचे ठरते. जी माहिती तज्ज्ञांच्या कागदपत्रांत होती, ती मातांच्या बोलण्यात आली.

वैद्यकीय क्षेत्रातही विचार बदलत होता. १९८० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने योग्य रुग्णांबाबत योनिमार्गे प्रसूतीचा पर्याय मान्य केला. १९८८ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय महाविद्यालयाने नेहमीच पुन्हा सिझेरियन करण्याची प्रथा सोडण्याची शिफारस केली. १९९६ मध्ये व्हीबॅकचे प्रमाण २८.३ टक्क्यांवर पोहोचले.

यशातील विसंगती

ही वाढ केवळ मातांच्या इच्छेमुळे झाली नव्हती. खर्च कमी करू पाहणाऱ्या काही विमा योजनांनी योनिमार्गे प्रसूतीचा प्रयत्न जवळजवळ सक्तीचा केला. पूर्वी शस्त्रक्रिया लादली जात होती, आता काही ठिकाणी प्रयत्न लादला गेला. गर्भाशय फाटण्याच्या घटना व त्यातून उद्भवणारे न्यायालयीन दावे चर्चेत आले. १९९९ मध्ये महाविद्यालयाने अशा प्रसूतीच्या वेळी तातडीची शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर तत्काळ उपलब्ध असावा, अशी शिफारस केली. २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील २०,०९५ मातांच्या अभ्यासात, प्रोस्टाग्लँडिन औषधाने कळा आणल्यास गर्भाशय फाटण्याचे प्रमाण दर हजारी २४.५ आढळले. कळा आपोआप आल्यास ते ५.२ होते.

लहान रुग्णालयांना शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ अहोरात्र उपलब्ध ठेवणे शक्य नव्हते. अनेकांनी व्हीबॅक बंदच केले. १९९० च्या दशकात झॉर्न यांच्या संघटनेचे नाव 'इंटरनॅशनल सिझेरियन अवेअरनेस नेटवर्क' असे झाले होते. तिने २००९ मध्ये देशभरातील रुग्णालयांना दूरध्वनी करून पाहणी केली. सुमारे निम्म्या रुग्णालयांत उघड बंदी होती किंवा असे बाळंतपण करण्यास तयार डॉक्टर नव्हता. स्वयंसेवक मातांनी गोळा केलेली ही माहिती चळवळीचे महत्त्वाचे साधन ठरली.

निवडीचा प्रश्न

मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पुन्हा परिषद घेतली. तेथील पुराव्यांनुसार योनिमार्गे प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्यांत मातामृत्यू दर लाखी ३.८, तर नियोजित सिझेरियनमध्ये १३.४ होते. उलट अर्भकमृत्यू प्रयत्नात दर हजारी १.३ आणि नियोजित सिझेरियनमध्ये ०.५ होते. म्हणजेच कोणताही मार्ग पूर्णतः निर्धोक नव्हता. एका मार्गात मातेचा धोका किंचित अधिक, तर दुसऱ्यात बाळाचा. अशा तुलनेत कोणता धोका पत्करावा, हे केवळ शास्त्र ठरवू शकत नाही. ऑगस्ट २०१० च्या सुधारित मार्गदर्शनात महाविद्यालयाने रुग्णालयाच्या निर्बंधांचा वापर मातेवर तिच्या इच्छेविरुद्ध सिझेरियन लादण्यासाठी होऊ नये, असे स्पष्ट केले.

तरीही विषमता शिल्लक होती. २००७ मध्ये यशाची शक्यता वर्तविणारे एक गणितीय साधन प्रचारात आले. त्यात आफ्रिकन-अमेरिकन व हिस्पॅनिक मातांची शक्यता केवळ वंशाच्या नोंदीमुळे कमी दाखविली जात असे. तीव्र टीकेनंतर २०२१ मध्ये वंशाचा निकष वगळून ते नव्याने तयार करण्यात आले.

निष्कर्ष

या इतिहासातून असे दिसते की, शस्त्रक्रियेची सक्ती आणि तिच्या विरोधातील सक्ती ही दोन्ही संस्थांच्या सोयीतून निर्माण झाली. डॉक्टरांचे सूत्र, विमा योजनांचा हिशेब आणि रुग्णालयांची बंदी या तिन्हींत मातेचे मत गौण होते. संघटनेच्या नावातील 'प्रतिबंध' जाऊन 'जागरूकता' येणे या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. चळवळीचे यश व्हीबॅकच्या टक्केवारीवर मोजल्यास ती १९९६ नंतर पराभूत झाली असे म्हणावे लागेल. धोक्याची पूर्ण माहिती मिळविण्याचा व नकार देण्याचा मातेचा अधिकार मान्य होणे, हे तिचे अधिक टिकाऊ फलित होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. त्यामुळे पुढील बाळंतपणाचा हाच प्रश्न येथील असंख्य घरांतही उभा आहे, हे अभ्यासकांनी लक्षात घेणे आवश्यक ठरते.