बालश्रमिकांचे व्यक्तिछायाचित्रण
कष्टकरी वर्गातील मुलांची त्यांच्या कामाच्या किंवा निवासाच्या जागी, सामाजिक वस्तुस्थितीची नोंद म्हणून घेतलेली व्यक्तिचित्रे. अशा चित्रात चेहऱ्याइतकेच महत्त्व त्याखालील टिपणास असते. या टिपणात मुलाचे नाव असावे की नसावे, हा या प्रकाराच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

मुंबईत १८५४ मध्ये बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तेथील विल्यम जॉन्सन याने द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे (२ खंड, १८६३ व १८६६) या संग्रहात मुंबईच्या रहिवाशांची जातिजमातींनुसार मांडणी केली. त्यात व्यक्ती ही जमातीचा नमुना म्हणून उभी असल्याने तिचे नाव गौण ठरले. पुढे १८८१ च्या फॅक्टरी अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्यास मनाई केली व सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले. परंतु जन्मनोंदींच्या अभावी मुलाचे वय सिद्ध करणे अवघड होते.

अमेरिकेत लूइस हाइन (१८७४–१९४०) याने याच अडचणीवर उपाय शोधला. नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी १९०८ पासून काम करताना तो मुलांची नावे, वय व कामाचे स्वरूप टिपून घेई आणि आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून त्यांची उंची ताडून पाही. प्रवेश नाकारला गेल्यास तो वेषांतरही करी. त्याची सुमारे पाच हजार छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. बालश्रमावर टिकाऊ स्वरूपाचे संघराज्यीय निर्बंध १९३८ मध्ये आले. त्यामागील लोकमत घडविण्यात या चित्रांचा वाटा मोठा होता.

अशा पुराव्याची गरज महाराष्ट्रातही आहे. भाईंदरच्या खाडीपलीकडे वसई तालुक्यात, तसेच भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांवर सबंध कुटुंब राबते. मजुरीचा हिशेब मात्र हजार विटांमागे होतो. त्यामुळे मुलाचे श्रम हजेरीपटावर येत नाहीत.

तथापि ओळख पटणे मुलास घातकही ठरू शकते. मेरी एलन मार्क हिच्या फॉकलंड रोड (१९८१) या मुंबईविषयक संग्रहात वेश्यावस्तीतील अल्पवयीन मुलींचे चेहरे उघड दिसतात. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार कामगार कायद्यांचा भंग करून कामास लावलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ मानले जाते. कलम ७४ अन्वये चौकशी, तपास वा न्यायालयीन कार्यवाहीच्या वृत्तांतात अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास, परवानगीचा अपवाद वगळता, मनाई आहे. परिणामी पाठमोऱ्या आकृती किंवा केवळ हात दाखविण्याची रीत रूढ झाली; पण तीत मूल पुन्हा अनाम नमुना बनण्याचा धोका असतो. मुलाची व पालकांची संमती घेणे आणि नाव प्रसिद्ध न करता मूळ नोंदीत जपणे, हा त्यावरील एक मार्ग होय.